गाडीचा घसा

घरातल्या यंत्रांची सफाई बायका स्वतः करतात आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही. शिलाई मशीनची बॉबिन केस काढून आतला दोऱ्याचा कचरा झाडणे, गॅसच्या बर्नरची भोके टाचणीने मोकळी करणे, कुकरच्या शिट्टीची नळी उजेडाकडे धरून पाहणे, ही कामे आई लेकीला शिकवते. त्यासाठी कुणी कारागीर बोलावत नाही. दारात चारचाकी उभी राहिली की मात्र हा आत्मविश्वास संपतो. बोनेटच्या आत पुरुषांची, त्यातही गॅरेजवाल्यांची हद्द सुरू होते, असे आपण धरून चालतो. गाडीची पुष्कळ कामे खरोखरच कारागिराची असतात. काही मात्र बर्नर साफ करण्याइतकी साधी आहेत. थ्रॉटल बॉडीची सफाई हे त्यांपैकी एक. गेल्या हिवाळ्यात ते मी माझ्या मामूंकडून शिकले. ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या घरात या सफाईचा प्रश्न फक्त गाडीचा नव्हता.

आमचे घर नाशिकच्या द्वारका भागात, काठे गल्लीच्या बाजूला आहे. द्वारका चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना फार सांगायला नको. डोक्यावरून मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल जातो आणि खाली पुणे रोड, सारडा सर्कलकडचा रस्ता, मुंबई नाक्याकडची आणि आडगावकडची वाहने एकमेकांत मिसळतात. बस, ट्रक, रिक्षा, द्राक्षांच्या क्रेटने भरलेले टेम्पो, सगळे एकाच वेळी निघू पाहतात. या चौकातून मला आठवड्यातून तीनदा गाडी काढावी लागते. सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, डायलिसिस सुरू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर वेळी चार तास. हॉस्पिटल घरापासून तीन-साडेतीन किलोमीटरवर. मुलांचे अब्बा सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात, त्यामुळे नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे आहे. गाडी चालवायला मी त्यासाठीच शिकले आणि २०१३ सालची एक लहान पेट्रोल गाडी आम्ही दुसऱ्या हाताने विकत घेतली.

डायलिसिस घेणाऱ्या घरांना ठाऊक असते की जाताना पेशंट वेगळा असतो आणि येताना वेगळा. शरीरात साठलेले दोन-अडीच लिटर पाणी चार तासांत काढून घेतलेले असते. रक्तदाब खाली आलेला असतो. अम्मींना परतताना बोलवतही नाही. डोळे मिटून त्या मागच्या सीटवर पडून राहतात. दुपारचे ऊन असेल तर एसी लावावाच लागतो.

गेल्या नोव्हेंबरात गाडी सिग्नलला बंद पडू लागली. चालताना काही तक्रार नाही. वेग कमी करून थांबले, क्लच दाबला, की इंजिन थरथरायचे, आवाज खाली खाली जायचा आणि गप्प. एसी चालू असला तर हमखास. पहिल्यांदा हे द्वारकेलाच झाले. मागून हॉर्न सुरू झाले. दोन रिक्षावाल्या भावांनी उतरून गाडी कडेला ढकलून दिली, अल्लाह त्यांचे भले करो. त्या आठवड्यात असे तीनदा झाले. पुढच्या आठवड्यात मी एसी बंद ठेवून, सिग्नलला एक पाय ब्रेकवर आणि एक ॲक्सिलरेटरवर ठेवून गाडी जिवंत ठेवू लागले.

खरी काळजी वेगळीच होती. एका बुधवारी सकाळी अम्मी म्हणाल्या, "आज राहू दे ना. परवा एकदमच जाऊ." कारण विचारले तर म्हणाल्या, "तू रस्त्यात एकटी घाबरतेस. लोक ओरडतात. माझ्यासाठी कशाला?" त्यांना वाटत होते की गाडीचा त्रास त्यांच्यामुळे आहे. डायलिसिस चुकवणे म्हणजे साध्या डॉक्टरची तारीख पुढे ढकलणे नव्हे. किडनी जे काम करत नाही ते मशीन करते. एक वेळ चुकली की पाणी फुफ्फुसात साठू शकते, रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्या दिवशी मी रिक्षा बोलावून त्यांना नेले. पण येताना रिक्षाच्या धक्क्यांनी त्यांची जी अवस्था झाली ती पाहून, गाडीचा प्रश्न त्याच आठवड्यात मिटवायचा असे घरात ठरले.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी मशीनची वायर जोडून तपासले, पडद्यावर काही बिघाड आला नाही. तरी म्हणाले, थ्रॉटल बॉडी गेली आहे, आख्खी बदलावी लागेल. मजुरी धरून आठ-नऊ हजार रुपये आणि गाडी दोन दिवस ठेवावी लागेल. पैशांची तजवीज करता आली असती. दोन दिवसांची मात्र अडचण होती, कारण आमच्या वेळापत्रकात दोन मोकळे दिवस सलग फक्त शनिवार-रविवारी येतात आणि रविवारी ते गॅरेज बंद. म्हणून मी माझ्या मामूंना फोन केला.

मामू वडाळा रोडला राहतात. वयाच्या पंधराव्या वर्षी ते द्वारकेच्या एका गॅरेजमध्ये पाने पुसायला लागले आणि पस्तीस वर्षे त्याच पट्ट्यात काम करत राहिले. महामार्गावरून मुंबईहून आलेली आणि धुळ्याकडे निघालेली गाडी बिघडली की इथेच थांबायची. अँबॅसिडर, फियाट, जीप, मेटॅडोर, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि काही वर्षांत ती त्यांची रोजची गाडी झाली. तेव्हा सगळ्या पेट्रोल गाड्यांना कार्ब्युरेटर होता. मामू कान लावून, एका पेचकसाने स्क्रू पाव फेरा फिरवून गाडीचा 'स्लो' बसवायचे. लोक दुरून त्यासाठी येत.

मग प्रदूषणाचे नियम कडक झाले. २००० सालच्या आसपास कार्ब्युरेटर मागे पडत गेला आणि त्या जागी इंजेक्शन आले. किती पेट्रोल द्यायचे हे गाडीतला छोटा संगणक ठरवू लागला. स्लोचा स्क्रू फिरवायची गरज राहिली नाही. मामूंनी आणखी काही वर्षे ब्रेक, क्लच, सस्पेन्शनची कामे केली, मग हळूहळू गॅरेज सोडले. मामींच्या इंतकालानंतर तर ते घराबाहेरही कमीच पडत. कुणी गाडीविषयी विचारले की म्हणत, "आता मशीन सांगते, बेटा. आम्हांला कोण विचारतो?"

मी फोनवर सगळे सांगितले तेव्हाही त्यांनी आधी तेच उत्तर दिले. मी म्हटले, "मामू, मशीन काहीच सांगत नाही. तुम्ही फक्त ऐकून तर बघा."

शनिवारी सकाळी ते आले. हातात जुनी पत्र्याची पेटी होती. त्यांनी बोनेट उघडले नाही. गाडी सुरू करायला सांगितली, घरातून स्टीलचा ग्लास मागवला, तो पाण्याने भरून बोनेटवर ठेवला आणि बाजूला उभे राहिले. पाण्यावर बारीक लहरी येत होत्या. मध्येच एक मोठी थरथर यायची. त्यांनी एसी लावायला सांगितला. लहरी वाढल्या, आवाज घसरला, इंजिन बंद. तीनदा हेच केले. मग ॲक्सिलरेटर दाबून धरायला लावला. रेस वाढली तसे पाणी स्थिर झाले.

"वर चांगली आहे, खाली मरते," मामू म्हणाले. "पेट्रोल मिळते आहे, ठिणगी मिळते आहे. श्वास मिळत नाही. घसा बघू या."

त्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्या शब्दांत मांडते. इंजिन पेट्रोल जाळते हे आपल्याला माहीत असते, पण ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवा खाते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. ही हवा एअर फिल्टरमधून गाळून, रबरी नळीतून इंजिनकडे जाते. वाटेत ॲल्युमिनियमचा एक गळा लागतो, त्याचे नाव थ्रॉटल बॉडी. इंग्रजीतला थ्रॉटल हा शब्दही घशावरूनच आला आहे. या गळ्यात नाण्यासारखी गोल चकती आडवी बसवलेली असते. गॅरेजमध्ये तिला बटरफ्लाय म्हणतात. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा ही चकती उघडते. पाय काढला की मिटते.

मिटली तरी ती पूर्ण बंद नसते. कडेला केसाएवढी फट राहते आणि बाजूने एक बारीक वाट असते. सिग्नलला उभी असलेली गाडी एवढ्याशा हवेवर जिवंत राहते. त्या बारीक वाटेवर एक झडप असते. एसी लावला आणि इंजिनवर भार वाढला की संगणक ती झडप उघडून थोडी जास्त हवा देतो. आता त्या फटीवर आणि वाटेत काजळी बसली तर काय होईल? पाय दाबलेला असताना चकती सताड उघडी असते, तेव्हा काजळीने फरक पडत नाही. सिग्नलला मात्र श्वास कोंडतो. तार तुटलेली नाही, सेन्सर मेलेला नाही, मग मशीनच्या पडद्यावर बिघाड दिसणार कसा? आमच्या गाडीचे नेमके हेच चालले होते.

एवढी काजळी येते कुठून? हवा तर फिल्टरमधून गाळून येते. हा प्रश्न माझ्या आठवीतल्या लेकीने विचारला. मामूंनी इंजिनच्या वरच्या भागातून निघून हवेच्या नळीला मिळणारी एक बारीक रबरी नळी दाखवली. इंजिनमध्ये पेट्रोल जळते तेव्हा थोडा धूर पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतो. ऑइलची वाफ आणि हा धूर बाहेर काढावाच लागतो. जुन्या गाड्यांत तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. मामू म्हणाले, जुन्या जीपखाली झोपून काम करताना ती वाफ थेट तोंडावर यायची. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुराची चादर पसरू लागली, तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कॅलिफोर्निया राज्याने नव्या गाड्यांची ही वाफ बाहेर सोडणे थांबवले. ती परत इंजिनच्या श्वासात मिसळून जाळायची पद्धत तिथून जगभर गेली. आपल्या गाड्यांतही तीच आहे. म्हणजे ही काजळी गाडीचा आजार नव्हे. जी घाण पूर्वी रस्त्यावर, सगळ्यांच्या नाकात जात होती, तिचा थोडा भाग आता गाडीच्या घशात राहतो. रस्त्यावर फेकायची नसेल तर कधीतरी घरी पुसावी लागणारच.

मामूंना स्वतःलाही एक गोष्ट तेव्हाच उलगडली. कार्ब्युरेटरच्या दिवसांत बटरफ्लाय इतकी काळी झालेली त्यांना आठवत नव्हती. थोडा विचार करून ते म्हणाले, "तेव्हा पेट्रोल तिच्यावरूनच जायचे. येता-जाता धुतली जायची. आता पेट्रोल पुढे, थेट इंजिनच्या तोंडाशी पडते. हिच्यावरून कोरडी हवाच जाते." आमच्यासारख्या छोट्या फेऱ्यांनी त्यात भर पडते. तीन किलोमीटर जायचे, इंजिन पुरते तापायच्या आत बंद करायचे. ऑइलमध्ये साठलेला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जायला वेळच मिळत नाही. वाफ जास्त, चिकटाही जास्त.

आता सफाई कशी केली ते सांगते. त्या दिवशी मामू खुर्ची टाकून बसले. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. ते सांगत गेले आणि पाने मी धरले. लेकीने टॉर्च धरला.

सामान थोडेच लागले. थ्रॉटल बॉडी क्लीनरचा एक डबा, द्वारकेच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांना. जुन्या बनियनचे धुतलेले सुती कापड. मऊ केसांचा जुना टूथब्रश. एक पेचकस, दहाचा पाना, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. क्लीनरचा फवारा ठिणगीने पेट घेतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करायचे. जवळ विडी-सिगारेट नाही, शेगडी नाही, लहान मूल नाही. रॉकेलने पुसले तर तेलकट थर उरतो आणि त्यावर धूळ बसते, म्हणून रॉकेल वापरायचे नाही.

इंजिन पूर्ण थंड होते. चावी काढून घरात ठेवली. कुठलीही नळी काढण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढायला मामूंनी सांगितले. म्हणाले, "आमच्या वेळी हे नव्हते. आम्ही लक्षात ठेवायचो आणि कधी विसरायचोही." मग दहाच्या पान्याने बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सोडवली. एअर फिल्टरकडून येणाऱ्या जाड रबरी नळीची क्लिप पेचकसाने ढिली केली, बारीक नळी हाताने फिरवत फिरवत काढली. ओढून काढली तर जुने रबर फाटते. नळी बाजूला झाली आणि घसा समोर आला. चकतीच्या कडेला गोल काळी रेघ होती. बोट लावले तर डांबरासारखी चिकट.

फवारा थेट आत ओतायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. तो कापडावर मारायचा आणि कापडाने पुसायचे. आमच्या गाडीला ॲक्सिलरेटरची तार आहे. तार ज्या चाकावर गुंडाळलेली असते ते हाताने फिरवले की चकती उघडते. एका हाताने ती उघडी धरली, दुसऱ्याने आतली भिंत आणि चकतीच्या दोन्ही कडा पुसल्या. जिथे कापड पोचत नव्हते तिथे ब्रश. थर जुना असेल तर कापड ओले करून दोन मिनिटे ठेवायचे, भिजला की तो आपोआप सुटतो. पेचकसाने खरवडायचे मुळीच नाही. ॲल्युमिनियम मऊ असते, ओरखडा पडला की फट बिघडते. काही गाड्यांत चकतीच्या कडेला आतून एक विशेष लेप दिलेला असतो, तो काजळी समजून काढायचा नाही. कार्ब्युरेटर साफ करायचे जहाल द्रव्य त्यासाठीच टाळायचे. चकतीची टेकण ठरवणारा एक छोटा स्क्रू असतो, बहुधा त्यावर रंगाचा ठिपका असतो. तो कारखान्यात बसवलेला आहे. मी तिथे कापड नेले तसे मामू खुर्चीतून म्हणाले, "त्याला सलाम करायचा आणि पुढे जायचे."

बाजूच्या बारीक वाटेच्या तोंडावरही काजळी होती. ती ओल्या कापडाच्या टोकाने काढली. तिथली झडप खोलायची नाही, सेन्सरवर फवारा मारायचा नाही. एवढ्याने भागले नसते तर झडप कारागिराकडे देऊ, असे मामूंनी आधीच सांगून ठेवले होते. पांढरे कापड तीनदा बदलले. चौथे जवळजवळ स्वच्छ निघाले.

नळ्या फोटो बघून जागच्या जागी बसवल्या, क्लिपा घट्ट केल्या, बॅटरी जोडली. एअर फिल्टर काढून पाहिला तर तो धुळीने राखाडी झालेला. नवीन आणला. आत राहिलेला फवारा उडून जावा म्हणून पंधरा मिनिटे थांबलो. तोवर चहा झाला.

पहिल्या दोन सेल्फला गाडी लागली नाही. तिसऱ्यांदा लागली आणि मागून पांढरा धूर आला. आत शिल्लक राहिलेले द्रव्य जळताना असे होते, हे मामूंनी आधी सांगितले होते, म्हणून कुणी घाबरले नाही. मिनिटभर रेस वर-खाली झाली, मग आवाज बसला. लेकीने ग्लास बोनेटवर ठेवला. पाण्यावर बारीक, एकसारखी लहर. एसी लावला. आवाज एक क्षण दबला आणि पुन्हा उचलला. मामूंनी डोळे मिटून पाच मिनिटे ऐकले. मग म्हणाले, "बसला स्लो." मामींच्या इंतकालानंतर त्यांच्या तोंडून असा आवाज मी ऐकला नव्हता.

सोमवारी अम्मींना घेऊन निघाले. द्वारकेच्या सिग्नलला गाडी पूर्ण लाल दिवा संपेपर्यंत उभी राहिली. अम्मी मागून म्हणाल्या, "बंद पडली का ग? आवाज येत नाही." तेव्हापासून "आज राहू दे" हे वाक्य त्यांनी उच्चारलेले नाही.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, आपल्या गाडीला तार आहे की इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, हे आधी कळले पाहिजे. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत तार नसते, चकती छोटी मोटर फिरवते. तिथे चावी चालू असताना बोट आत घालायचे नाही, कारण चकती अचानक मिटू शकते. हाताने जोर लावून ती उघडायचीही नाही, आतले दातेरी चाक प्लॅस्टिकचे असू शकते. सफाईनंतर संगणकाला नवी फट नव्याने शिकवावी लागते. काही गाड्या आपोआप शिकतात, काहींना मशीन जोडावे लागते. गाडीच्या माहितीपुस्तकात पाहावे आणि शंका असेल तर असे काम सरळ गॅरेजला द्यावे. काही गाड्यांत हवेच्या नळीवर हवा मोजणारा नाजूक सेन्सर असतो, त्याला हा फवारा चालत नाही.

दुसरी, सिग्नलला बंद पडणारी प्रत्येक गाडी घशानेच आजारी असते असे नाही. प्लग झिजलेले असतात, कुठेतरी नळी फाटून फुकट हवा आत जात असते, पेट्रोलचा पंप थकलेला असतो. म्हणून आधी ऐकायचे, मग बघायचे आणि बदलायची वेळ सर्वांत शेवटी. आमचे आठ-नऊ हजार वाचले ते यामुळेच. ज्यांनी बदलायला सांगितले त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. गाड्यांची रांग लागलेल्या गॅरेजात एका गाडीजवळ अर्धा तास ऐकत बसायला वेळ कुणाला असतो? मामूंकडे तो वेळ होता आणि कानही होता.

ही गोष्ट इमारतीत पसरली. जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या भाभींनी त्यांची गाडी दाखवली, तिचीही काजळी आम्ही काढली. मग समोरच्या गल्लीतून एक भाऊ आले. मामूंनी ग्लास मागवला नाही. बोनेटजवळ जाऊन नुसता वास घेतला आणि हात मागे घेतला. "पेट्रोल गळते आहे. सुरूही करू नका. टो करून गॅरेजमध्ये न्या." त्या भावांनी फार आग्रह केला, पैसेही देऊ केले. मामू म्हणाले, "मला जे येते ते मी करतो. हे माझ्या खुर्चीवरून होणारे काम नाही." संध्याकाळी त्यांचा फोन आला. पेट्रोलची नळी चिरलेली निघाली होती.

आता मामू दर शनिवारी येतात. लेक त्यांची पेटी उघडून एकेक पाना ओळखायला शिकते आहे. परवा तिने विचारले, "मामूनाना, आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या कोर्सला मुली घेतात का?" घेतात. दहावीनंतर दोन वर्षांचा कोर्स आहे. तिच्या अब्बांनी लगेच हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. अम्मी म्हणाल्या, "आधी दहावी तर होऊ दे. पण पाना तिच्या हातून काढून घेऊ नका."

अम्मींच्या डायलिसिसची आमच्याकडे एक वही आहे. वजन, रक्तदाब, किती पाणी काढले, सगळे त्यात लिहिते. तिच्या शेवटच्या पानावर आता गाडीची नोंद असते. सफाईची तारीख, मीटरवरचे किलोमीटर, फिल्टर कधी बदलला. आमच्या छोट्या फेऱ्या पाहता वर्षातून एकदा घसा उघडून पाहावा, काळी रेघ दिसली तरच पुसावा, असे मामूंचे म्हणणे आहे. पुढची तारीख लेकीने स्वतःच्या हाताने लिहिली आहे आणि समोर कंसात लिहिले आहे: टॉर्च अम्मीने धरायचा.